संगणक जागा होत नाहीं तेव्हां

शिकल्यासवरल्या कुटुंबांचा बराचसा संसार आज संगणकाच्या पोटांत सांठविलेला असतो. मुलांचीं गुणपत्रकें व परीक्षेचे अर्ज, शेताचे सातबारे, विम्याचे कागद, दुकानाचा जमाखर्च आणि पंधरावीस वर्षांचीं छायाचित्रें, हें सारें त्या एका पेटींत असतें. अशा पेटीला एके रात्रीं 'अपडेट' या नांवानें नवी दुरुस्ती पोंचते. ती बसविण्याकरितां संगणक आपण होऊन बंद होतो. आणि सकाळीं बटण दाबावें तों पडद्यावर निळा रंग, एखादें अनाकलनीय इंग्रजी वाक्य, किंवा निव्वळ काळोख! "गेला!" हा एकच उद्गार त्या वेळीं घरांतून उमटतो.

परभणी जिल्ह्यांतील येलदरीसारख्या गांवीं हा प्रसंग अधिकच अवघड होतो. शहरांत दुरुस्ती करणारा गल्लीच्या तोंडाशीं सांपडतो. येथें संगणक पिशवींत घालून जिंतूर किंवा परभणी गांठावी लागते व कामाचा दिवस मोडतो. बरें, दुकानीं पोंचल्यावर पुष्कळदां पहिला सल्ला मिळतो तो 'फॉर्मॅट मारून नवें विंडोज टाकूं' हा. हा सल्ला कित्येकदां अनावश्यक असतो, आणि त्याच्या पायीं घरचें सारें दप्तर पुसून जाण्याचा संभव असतो. जो शेतकरी पीककर्जाचे कागद त्या संगणकांत ठेवून बसला आहे, किंवा ज्या विद्यार्थ्याच्या अर्जाची मुदत उद्यां संपावयाची आहे, त्याचें नुकसान संगणकाच्या किंमतीनें मोजतां येत नाहीं. म्हणून प्रारंभींच एक गोष्ट मनांत पक्की ठसविली पाहिजे. सुरू न होणारा संगणक आणि नष्ट झालेलें दप्तर या दोन अगदीं निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिलीचा अर्थ दुसरी असा नव्हे. मात्र घाईनें केलेला उपाय पहिलीची दुसरी करूं शकतो.

हें समजण्याकरितां संगणक 'सुरू होतो' म्हणजे नेमकें काय होतें तें पाहिलें पाहिजे, आणि त्याला येलदरीचेंच उदाहरण उपयोगीं पडतें. पूर्णा नदीवरील येलदरी धरण १९६८ सालीं पुरें झालें, व त्याच्या पायथ्याशीं साडेसात मेगावॅटचे तीन संच मिळून साडेबावीस मेगावॅट शक्तीचें वीजघर आहे. अशा वीजघरांतील संच एका बटणासरशीं वीज देऊं लागत नाहीं. प्रथम पाण्याची वाट मोकळी करावी लागते. मग पाणी आंत सोडणाऱ्या झडपा बेताबेतानें उघडून चक्राला ठराविक वेग आणावा लागतो. त्यानंतर जनित्राच्या चुंबकांत प्रवाह सोडून दाब उत्पन्न करावा लागतो. आणि बाहेरच्या वीजवाहिनीशीं दाब व आवर्तनें तंतोतंत जुळलीं म्हणजेच संच तिला जोडतां येतो. यांपैकीं एक पायरी अडली तर पुढील सर्व अडतात. परंतु वीज मिळाली नाहीं म्हणून धरणांतील पाणी आटलें असें कोणी म्हणत नाहीं. पाणी जागच्या जागीं असतें. तें चक्रापर्यंत पोंचविणाऱ्या सांखळींतील एक कडी तुटलेली असते.

संगणकाचेंही असेंच आहे. त्याच्या सुरू होण्याला इंग्रजींत 'बूट' होणें म्हणतात. उंच बुटांच्या मागें ते ओढून चढविण्याकरितां चामड्याचा एक फांस असे. स्वतःच्याच बुटाचा फांस धरून स्वतःला वर उचलणें, अशी एक अशक्य गोष्टीची कल्पना त्या भाषेंत रूढ झाली, व तिच्यावरूनच हा शब्द आला. संगणकापुढील अडचण खरोखरच तशी आहे. डिस्कवरील कार्यक्रम वाचावयास दुसरा एक कार्यक्रम लागतो. मग तो दुसरा कोणी वाचावयाचा? यावर तोड अशी काढण्यांत आली कीं, एक लहानसा कार्यक्रम संगणकाच्या मुख्य पाटीवरील चिपेंत कायमचा कोरून ठेवावयाचा. त्याला फर्मवेअर म्हणतात. पूर्वीं बायॉस नांवाचें फर्मवेअर असे, हल्लीं यूईएफआय असतें. वीज येतांच हा पहारेकरी जागा होतो, स्मृति, कळफलक, पडदा, डिस्क यांची हजेरी घेतो आणि डिस्कवरील 'बूट लोडर' या दुसऱ्या कार्यक्रमाला हांक मारतो. बूट लोडर यंत्रणेचा गाभा, म्हणजे 'कर्नेल', स्मृतींत आणून ठेवतो. कर्नेल निरनिराळ्या भागांचे 'ड्रायव्हर' कामाला लावतो, त्यामागून इतर सेवा सुरू होतात, आणि सर्वांत शेवटीं नांव व परवलीचा शब्द विचारणारा पडदा येतो. घरचीं पत्रें व छायाचित्रें या सर्व घडामोडींत कोठेंही कामाला येत नाहींत. तीं धरणांतील पाण्याप्रमाणें डिस्कवर स्वस्थ पडून असतात.

आतां अपडेटनें बिघाड कां होतो तें सहज कळेल. कर्नेल, ड्रायव्हर व बूट लोडर यांच्या फाईली यंत्रणा चालू असतांना बदलतां येत नाहींत; चालत्या मोटेचा दोर बदलण्यासारखें तें होईल. म्हणून हा बदल संगणक बंद होऊन पुन्हां सुरू होण्याच्या संधिकाळांत केला जातो. त्याच वेळीं वीज गेली, डिस्कवर जागा कमी पडली, अथवा नवा ड्रायव्हर त्या विशिष्ट यंत्राशीं जुळला नाहीं, तर कांहीं फाईली जुन्या व कांहीं नव्या अशी स्थिति होते. पुष्कळ वेळां विंडोज स्वतःच हें ओळखून केलेला बदल मागें घेतें, आणि त्याला वेळ लागतो. तेव्हां पहिला उपाय म्हणजे कांहीं न करणें. पडद्यावर टक्केवारीचा आंकडा दिसत असेल, किंवा बदल मागें घेत असल्याची सूचना असेल, तर तास-दोन तास वाट पाहावी. जुन्या संथ डिस्कवर एवढा वेळ लागणें अस्वाभाविक नाहीं. अधीरपणानें मध्येंच वीज तोडली तर अर्धवट राहिलेलें काम अधिकच अर्धवट होतें.

वाट पाहूनही पालट न झाल्यास सांखळी कोठें तुटली तें पडद्यावरून ताडावें. बटण दाबल्यावर संगणक बनविणाऱ्या कंपनीचें चिन्हसुद्धां उमटत नसेल, तर बहुधा विंडोजच्या अपडेटचा दोष नव्हे; कारण विंडोजची पाळी अजून आलेलीच नसते. तेथें वीजपुरवठा, पडद्याची तार आणि स्मृतीच्या पट्ट्या तपासाव्या. फर्मवेअरचेंच अपडेट अर्धवट राहिलें असल्यास मात्र तो कारागिराचा विषय होय. चिन्ह उमटून 'बूट करण्याजोगें साधन सांपडत नाहीं' अशा अर्थाची सूचना आल्यास प्रथम संगणकाला लावलेला पेन ड्राइव्ह, छपाईयंत्र वगैरे सर्व बाहेरच्या वस्तु काढून घ्याव्या. विसरून राहिलेल्या पेन ड्राइव्हवरून सुरू होण्याची संगणकाची व्यर्थ धडपड ही नेहमींची गोष्ट आहे. तरीही सूचना कायम राहिली तर फर्मवेअरच्या पडद्यावर जाऊन डिस्कचें नांव तेथें दिसतें कीं नाहीं तें पाहावें. नांव दिसत असेल तर क्रम किंवा मांडणी बदललेली असण्याचा संभव आहे, कारण फर्मवेअरच्या अपडेटनंतर ती कधीं कधीं मूळपदावर जाते. नांवच नसेल तर डिस्क किंवा तिची जोडणी आजारी आहे, आणि मग प्रत्येक नवा प्रयोग धोक्याचा आहे.

चिन्ह उमटलें, ठिपके फिरूं लागले आणि मग निळा पडदा आला, अथवा संगणक पुनःपुन्हां पहिल्यापासून सुरू होऊं लागला, तर फर्मवेअर व डिस्क आपापलें काम करीत आहेत आणि दोष कर्नेल किंवा ड्रायव्हर यांच्या पायरीवर आहे असें धरावें. अपडेटनंतरच्या पुष्कळ तक्रारी याच जातीच्या असतात. त्यांवरील औषध विंडोजमध्येंच ठेवलेलें आहे. सुरू होण्याचा प्रयत्न लागोपाठ दोनतीनदां फसला कीं दुरुस्तीचा एक स्वतंत्र पडदा आपोआप येतो. तो न आल्यास, सुरू होतांना बटण सुमारें दहा सेकंद दाबून संगणक बंद करावा, व असें तीनदां करावें. म्हणजे तो येतो. त्यांतील 'ट्रबलशूट' व त्याखालील 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' या वाटेनें गेल्यावर उपायांची यादी मिळते.

ते उपाय सौम्याकडून तीव्राकडे, या क्रमानेंच करावे. 'स्टार्टअप रिपेअर' हा पहिला. तो बूट लोडरचे दोष शोधून सुधारण्याचा प्रयत्न करतो. त्यानें काम न झाल्यास 'अनइन्स्टॉल अपडेट्स' येथें जाऊन शेवटचें अपडेट काढून टाकावें. यांत दोन प्रकार दिसतात: एक दरमहाचें लहान अपडेट व दुसरें वर्षाकांठीं येणारें मोठें. जें नुकतेंच आलें असेल तेंच काढावें. तिसरा उपाय 'सिस्टिम रिस्टोअर'. पूर्वींची खूण नोंदलेली असल्यास तो यंत्रणेला त्या खुणेपर्यंत मागें नेतो व घरच्या फाईलींना हात लावीत नाहीं. चौथा 'सेफ मोड'. यांत विंडोज अगदीं आवश्यक तेवढेच ड्रायव्हर घेऊन उघडतें. तें असें उघडलें तर दोष वगळलेल्या ड्रायव्हरांपैकीं एखाद्यांत आहे हें जवळजवळ सिद्ध होतें, व तो काढतांही येतो. परवलीचा शब्द देईपर्यंत सर्व ठीक असून नंतर पडदा काळा पडत असेल, तर याच मार्गानें पडद्याचा ड्रायव्हर पूर्ववत् करावा. 'रिसेट' हा उपाय सर्वांत शेवटीं, तोही दप्तराची नक्कल बाहेर काढल्यावर. लिनक्स वापरणाऱ्यांना ही वाट अधिक सोपी आहे. कारण त्याच्या बहुतेक जाती नवा कर्नेल बसवितांना जुनाही जवळ ठेवतात, आणि सुरुवातीच्या यादींतून जुना निवडला कीं संगणक कालच्याप्रमाणें सुरू होतो.

हे उपाय केवळ घरगुती यंत्रांपुरते नाहींत, याचें प्रत्यंतर जगाला ता. १९ जुलै २०२४ रोजीं मिळालें. अमेरिकेंतील क्राउडस्ट्राइक या कंपनीचें संरक्षक सॉफ्टवेअर मोठमोठ्या संस्थांच्या संगणकांवर बसविलेलें असतें, व तें विंडोजच्या गाभ्याशीं, अगदीं आरंभींच्या पायरीवर, जागें होतें. त्या दिवशीं भारतीय वेळेप्रमाणें सकाळीं ९ वाजून ३९ मिनिटांनीं कंपनीनें माहितीची एक लहानशी फाईल अपडेट म्हणून पाठविली. कार्यक्रमाजवळ २० रकान्यांची माहिती होती, आणि नव्या फाईलीमुळें तो एकविसावा रकाना वाचूं लागला. जो नाहीं तो वाचण्यास जातांच कर्नेल कोसळला. संगणक पुन्हां सुरू होई, पुन्हां तीच फाईल वाची, व पुन्हां कोसळे. चूक ध्यानांत येऊन ७८ मिनिटांत फाईल मागें घेण्यांत आली. परंतु तेवढ्या अवकाशांत, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणें, सुमारें ८५ लाख संगणक बंद पडले होते. भारतांतील विमानतळांवर त्या दिवशीं कित्येक प्रवाशांना हातानें लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची पाळी आली.

या संकटावरील उपाय मात्र ऐकावयास अगदीं साधा होता: संगणक सेफ मोडमध्यें उघडावा, ती एक फाईल पुसावी, व पुन्हां सुरू करावा. एकाही माणसाचें दप्तर त्या फाईलीनें पुसलें नव्हतें. तरीही काम लांबलें, तें दोन कारणांनीं. एक, जो संगणक सुरूच होत नाहीं त्याला दुरून आज्ञा पोंचत नाहीं. म्हणून पुष्कळ यंत्रांजवळ माणसाला स्वतः जावें लागलें. दुसरें, अनेक डिस्का 'बिटलॉकर' नांवाच्या कुलपानें बंद होत्या, आणि तें उघडण्यास ४८ अंकांची किल्ली लागते. ही किल्ली ज्यांनीं बंद पडलेल्या संगणकांतच ठेवली होती, त्यांची स्थिति तिजोरीची किल्ली तिजोरींत ठेवून दार लावणाऱ्यासारखी झाली. विंडोज ११ च्या पुष्कळ घरगुती संगणकांवरही, मायक्रोसॉफ्टचें खातें जोडतांच, असलें कुलूप आपोआप लागतें, हें बहुतेक गृहस्थांना ठाऊकही नसतें.

सुरू न होणाऱ्या संगणकाचें दप्तर बहुधा शाबूत असतें; पण तें नेहमींच शाबूत असतें असें समजणें चुकीचें ठरेल. याचा दाखला महाराष्ट्राच्याच किनाऱ्यावर मिळतो. ता. २७ जून २०१७ रोजीं युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून 'नॉटपेट्या' नांवाचा घातक कार्यक्रम पसरला. अपडेट पाठविण्याची व्यवस्थाच हल्लेखोरांनीं ताब्यांत घेतली होती. तो संगणक पुन्हां सुरू करावयास लावी, डिस्क दुरुस्त होत असल्याचा खोटा देखावा पडद्यावर मांडी, आणि त्या आड फाईलींची सूची कुलूपबंद करून बूट होण्याची पहिली कडीच उखडून टाकी. डेन्मार्कमधील मर्स्क ही जहाज कंपनी त्यांत सांपडली, आणि तिच्याच समूहाकडून चालविला जाणारा उरणजवळील जवाहरलाल नेहरू बंदरांतील धक्का बंद पडला. खंडणी भरूनही किल्ली मिळण्याची सोय त्या कार्यक्रमांत नव्हती. पुढें त्या कंपनीला सुमारें ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक नव्यानें उभे करावे लागले. तिच्या सर्व जाळ्याची नोंदवही जगभरच्या मुख्य सर्व्हरांवरून नाहींशी झाली होती. ती वांचली केवळ आफ्रिकेंतील घाना देशांतील एका सर्व्हरवर, तोही हल्ल्याच्या वेळीं तेथील वीज गेल्यामुळें जाळ्यापासून तुटला होता म्हणून! वीज जाण्याच्या नांवानें बोटें मोडणाऱ्यांना ही गोष्ट चमत्कारिक वाटेल. परंतु तिचें मर्म एवढेंच आहे कीं, जी नक्कल मूळ यंत्राला जोडलेली नसते तीच संकटांत उपयोगीं पडते.

हें ऐकून कोणी म्हणेल कीं, मग अपडेट घेऊंच नये हें उत्तम. पण तसें नाहीं. ज्या भगदाडांतून नॉटपेट्या एका यंत्रावरून दुसऱ्यावर पसरला, त्यांतील एक बुजविणारें अपडेट मायक्रोसॉफ्टनें १४ मार्च २०१७ रोजींच प्रसिद्ध केलें होतें. तें न घेणाऱ्यांवर त्याच वर्षीं १२ मे रोजीं 'वॉनाक्राय'चा घाला पडला, व ब्रिटनमधील रुग्णालयांतील कामकाज विस्कळित झालें. अपडेट नाकारणें म्हणजे धरणाची डागडुजी होतांना दोन दिवस पाणी बंद राहील म्हणून डागडुजीच न करणें होय. विंडोज १० ची सर्वसामान्य मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबली. तेव्हां जुनेंच बरें म्हणून तिच्यावर विसंबून राहणेंही निर्धास्तपणाचें नाहीं. अपडेट घ्यावेंच, तें घेण्याची पूर्वतयारी असावी, इतकेंच.

ही पूर्वतयारी फारशी खर्चाची नाहीं. दप्तराच्या एकूण तीन प्रती असाव्या, त्या दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्या, आणि एक प्रत घराबाहेर असावी, असा जाणत्यांचा नियम आहे. येलदरीच्या कुटुंबानें एक बाह्य डिस्क घरीं आणि एक परभणीच्या नातलगाकडे ठेवली तरी हा नियम पाळला जातो. डिस्क नक्कल करण्यापुरतीच संगणकाला जोडावी व लगेच काढून घ्यावी; आणि नक्कल केलेली फाईल दुसऱ्या यंत्रावर खरोखर उघडते कीं नाहीं तें वर्षांतून एकदोनदां पाहावें. बिटलॉकरची किल्ली कागदावर उतरून दागिन्यांच्या किंवा खरेदीखताच्या जागीं ठेवावी. किमान ८ जीबीचा एक पेन ड्राइव्ह विंडोज बसविण्याच्या साहित्यासह आधींच तयार करून ठेवावा. संगणकांतील दुरुस्तीचा पडदाही न आल्यास याच्यावरून तो उघडतो. लिनक्सचा असा पेन ड्राइव्ह असल्यास बंद विंडोजला न डिवचतां डिस्कवरील फाईली बाहेर काढतां येतात. डिस्कला कुलूप असल्यास अर्थातच किल्ली हातीं लागते. अपडेट बसतांना लॅपटॉप भरलेला असावा, साध्या संगणकाला यूपीएस असावा, आणि अर्जाची मुदत संपण्याच्या आदल्या रात्रीं अपडेट मुद्दाम चालवूं नये.

आणि एवढें करूनही संगणक कारागिराकडे न्यावा लागला, तर त्याला 'सुरू करून द्या' एवढेंच सांगूं नये. आधीं दप्तर बाहेर काढा, त्याची नक्कल दाखवा, आणि मगच डिस्कला हात लावा, असें स्पष्ट बजावावें. नवें विंडोज तासाभरांत बसतें. नवा संगणक बाजारांत मिळतो. परंतु आजीच्या शेवटच्या दिवाळीचें छायाचित्र कोणत्याही दुकानांत विकत मिळत नाहीं.